वर्षावास चिंतन : राखेखाली काय जळते?



आदरणीय उपासक-उपासिकांनो, आणि आईबाबांनी शेजारी बसवून हे ऐकायला लावलेल्या मुलामुलींनो,

आषाढ पौर्णिमेपासून आपला वर्षावास सुरू होत आहे. आपल्या गावाकडे या तीन महिन्यांत विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. बाहेर पाऊस, पत्र्यावर वाजणारे पाणी, आणि पुढच्या रांगेत पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया. आपण इथे अमेरिकेत विखुरलेलो आहोत. कोणाच्या घरापासून विहार तीन तासांवर, तर कोणाच्या आसपास विहारच नाही. म्हणून आपला वर्षावास पडद्यावर एकमेकांची तोंडे पाहून आणि या वार्तापत्रातून साधायचा.

या वर्षीच्या पहिल्या चिंतनासाठी मी एका दिवसाच्या सहलीची गोष्ट निवडली आहे. त्या सहलीत माझ्याकडून एक चूक झाली. ती लपवून तुम्हाला धम्म सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून चुकीसकट सांगतो.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. शाळेत तिने प्राचीन रोमवर प्रकल्प केला. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला आणि पोम्पेई नावाचे नांदते शहर राखेखाली गाडले गेले, हे तिने चित्रे चिकटवून लिहिले होते. तेव्हापासून घरात एकच धोशा : ज्वालामुखी बघायचा आणि त्याच्या शेजारचे जुने शहरही बघायचे. इटलीला जाणे काही आमच्या हातात नव्हते. पण आम्ही राहतो त्या ॲरिझोना राज्यात अशीच एक जोडी आहे. फ्लॅगस्टाफ गावाच्या उत्तरेला सनसेट क्रेटर नावाचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पुढे वुपाटकी नावाचे प्राचीन दगडी गाव. दोन्ही राष्ट्रीय स्मारके सुमारे ३५ मैलांच्या एकाच वळशाच्या रस्त्यावर आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या सुट्टीत जायचे ठरले.

सात जणांची गाडी होती. मी, माझी पत्नी आणि मुलगी. माझ्या ऑफिसातला एक मराठी सहकारी, त्याची बायको, आणि पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेले त्याचे आईवडील. फिनिक्सचा उकाडा मागे टाकून गाडी घाट चढू लागली. फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजार फूट उंचीवर आहे. हवा थंड झाली, डबे उघडले गेले, गप्पा रंगल्या.

मग काकूंनी मागे वळून अगदी आपुलकीने विचारले, “तुम्ही मूळचे कुठले हो?”

“रत्नागिरी जिल्ह्यातले,” मी म्हणालो.

“अरे वा! मग कुलदैवत कोणतं तुमचं?”

तुम्हांपैकी किती जणांच्या पोटात हे वाक्य वाचून गोळा आला असेल, मला कल्पना आहे. आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ असलेले. त्यावरून काही कळत नाही. म्हणून पुढचा प्रश्न येतो. मी आरशात पाहिले. सहकारी गाडी चालवत होता. त्याच्याशी माझा रोजचा संबंध. मी हसलो आणि म्हणालो, “आम्ही तसं फारसं काही पाळत नाही, काकू.”

“अलीकडे सगळ्यांचंच तसं झालंय,” त्या म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा पुढे केला. विषय संपला. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

थोड्या वेळाने आम्ही सनसेट क्रेटरला पोचलो. सुमारे हजार फूट उंचीचा काळा शंकू आणि त्याच्या माथ्यावर तांबूस-पिवळी झाक. या रंगावरूनच त्याला ‘मावळतीचा’ असे नाव पडले. इ.स. १०८५ च्या सुमारास इथे जमीन फाटली आणि आगीचे कारंजे उडाले. आठशे चौरस मैलांहून जास्त प्रदेशावर राख आणि काळी सच्छिद्र खडी पसरली. पायथ्याशी लाव्ह्याचा प्रवाह अजून पडून आहे. नांगरलेले शेत एका रात्रीत दगड व्हावे तसा दिसतो. मध्येच जळून काळी झालेली पाईनची झाडे दिसतात. ती ज्वालामुखीने जळालेली नाहीत, एप्रिल २०२२ च्या वणव्यात होरपळलेली आहेत.

मुलीने वाकून दगडाला हात लावला. “एकदम गार आहे,” ती म्हणाली. मग तिने तिथल्या रेंजरला विचारले, हा पुन्हा पेटेल का? त्याने सांगितले ते माझ्या मनात घर करून बसले. हा एक शंकू पुन्हा पेटणार नाही, त्याचे काम एकाच वेळी संपते. पण आजूबाजूच्या प्रदेशात असे सुमारे सहाशे ज्वालामुखी आहेत आणि तो सगळा भूभाग शास्त्रज्ञ आजही जिवंत मानतात. आग पुन्हा वर येईल ती दुसरीकडून येईल.

उपासकांनो, त्या गार दगडावर उभा असताना मला गयासीस टेकडी आठवली.

तुम्हाला प्रसंग माहीत आहे. उरुवेल काश्यप, नदी काश्यप आणि गया काश्यप हे तिघे भाऊ जटाधारी तपस्वी होते. त्यांचे अनुक्रमे पाचशे, तीनशे आणि दोनशे शिष्य. सगळे अग्नीची पूजा करणारे. तथागतांच्या सहवासात त्यांनी जटा कापल्या आणि अग्निहोत्राचे साहित्य नदीत सोडून दिले. मग त्या हजार जणांना घेऊन तथागत गयासीसला गेले आणि तिथे त्यांनी आदित्तपरियाय सुत्ताची देसना केली. ज्यांनी जन्मभर आगीची पूजा केली त्यांना त्यांनी आगीबद्दलच सांगितले. फक्त आगीची जागा बदलली.

त्या देसनेचा आशय असा. आग समोरच्या कुंडात नाही. डोळा जळतो आहे, डोळ्याला दिसणारे रूप जळते आहे. कान जळतो आहे, कानावर पडणारा शब्द जळतो आहे. तसेच नाक, जीभ, काया आणि मन. इंद्रियाचा विषयाशी स्पर्श होतो, त्यातून सुखाची किंवा दुःखाची वेदना उठते, आणि तीही जळत असते. हे सगळे पेटले आहे ते लोभाने, द्वेषाने आणि मोहाने. जो हे नीट पाहतो त्याला या जळण्याचा वीट येतो, त्याची आसक्ती सुटते, आणि तो मोकळा होतो.

आता हे सुत्त माझ्या गाडीत आणून बसवा. कानावर शब्द पडला, ‘कुलदैवत’. स्पर्श झाला. पोटात वेदना उठली. त्या वेदनेतून भीती उठली आणि भीतीने जिभेचा ताबा घेतला. प्रश्न आणि उत्तर यांत दोन सेकंदही गेले नसतील. तेवढ्यात माझ्या आजोबांच्या काळापासूनची आग कानातून शिरून जिभेवर आली, आणि बाहेर पडताना हसतमुख वाक्य होऊन पडली. वरून कोणाला काही दिसले नाही. वर गार दगड होता.

भीती हा मोह कसा, असे तुम्ही विचाराल. भीती वाटणे हा दोष नाही. पण त्या क्षणी मी समोरच्याची मोजपट्टी खरी मानली. खरे सांगितले तर या गाडीत माझी किंमत उतरेल, असे मला वाटले. म्हणजे किंमत ठरवण्याचा हक्क मी त्यांना देऊन टाकला. याला मोह नाही तर काय म्हणायचे? आणि भीतीच्या पाठोपाठ द्वेष आला. पुढचा तासभर मी मनात काकूंना टोकदार उत्तरे देत होतो. तोंडाने चिवडा खात होतो आणि मनाने भांडत होतो. त्या बाईने मला अजून एक वाईट शब्दही उच्चारला नव्हता.

तिथून आम्ही वुपाटकीला गेलो. वाळवंटाच्या कडेला लाल वालुकाश्माचे मोठे घर, सुमारे शंभर खोल्यांचे, काही भागांत तीन मजली. बाराव्या शतकाच्या अखेरीस या एका घरात ८५ ते १०० माणसे राहत होती, आणि एका दिवसाच्या चालीच्या अंतरात हजारो. इथे समुद्रातल्या शिंपल्यांचे दागिने सापडले, दक्षिणेकडून आलेल्या मकाव पोपटांचे अवशेष सापडले, तांब्याच्या घंटा सापडल्या. वेगवेगळ्या चालीरीतींचे लोक इथे शेजारी शेजारी राहिले. आणि हे सगळे ज्वालामुखीनंतर. जाड थर पडला तिथली शेते गेली. पण जिथे राखेचा पातळ थर बसला तिथे त्याने जमिनीतली ओल धरून ठेवली, आपले शेतकरी आच्छादन घालतात तशी, आणि कोरड्या जमिनीत मका पिकू शकला, असे अभ्यासक सांगतात.

या लोकांचे नाव काय? पाटीवर लिहिले होते, ‘सिनाग्वा’. मुलीने अर्थ वाचला आणि मला सांगितला. स्पॅनिश लोकांनी इथल्या डोंगरांना ‘बिनपाण्याचे डोंगर’ म्हटले होते. त्यावरून हॅरल्ड कोल्टन या संशोधकाने १९३९ साली या संस्कृतीला ‘सिनाग्वा’ हे नाव दिले. म्हणजे बिनपाण्याचे. ज्यांनी थेंब थेंब पाणी धरून मका पिकवला, त्यांचे नाव बिनपाण्याचे! ते स्वतःला काय म्हणत होते, त्याची नोंद दगडांत नाही. पण त्यांचे वंशज संपलेले नाहीत. होपी लोक आजही याच राज्यात राहतात. ते या पूर्वजांना आपल्या भाषेत ‘हिसातसिनोम’, म्हणजे फार पूर्वीचे लोक, असे म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ही जागा ओसाड पडलेली नाही. ती पूर्वजांच्या पावलांची खूण आहे.

दुसऱ्याने दिलेले नाव आणि पाणी, हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला काय आठवणार? २० मार्च १९२७, महाडचे चवदार तळे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बिनपाण्याचे ठेवले त्यांनी त्या दिवशी ओंजळीत पाणी घेतले. आणि नाव? दुसऱ्याने लादलेले नाव टाकून आपण स्वतः निवडलेले नाव १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतले. ते नाव आपल्याला कोणी दिलेले नाही, आपण ते स्वीकारले आहे. आणि मी ते सकाळी चिवड्याच्या डब्याबरोबर गिळून टाकले होते.

वुपाटकीत घरापलीकडे जमिनीत एक चौकोनी भोक आहे. खाली खडकांत भेगांचे मोठे जाळे आहे. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की ते भोक हवा आत ओढते, दाब उतरला की बाहेर सोडते. जमीन श्वास घेते असे वाटते. आम्ही गेलो तेव्हा आतून थंडगार वारा येत होता. मुलगी त्यावर तळहात धरून बसली. बाकीचे पुढे गेले होते. तिने वर न पाहता विचारले,

“बाबा, आपण काही पाळत नाही असं का म्हणालास? आपण तर पंचशील पाळतो ना?”

उपासकांनो, आजवर मी अनेक धम्मप्रवचने ऐकली. त्या प्रश्नाइतके लांब कोणतेच पोचले नाही. चौथे शील मीच तिला शिकवले होते. अर्धे खरे बोलणे हेही खोटेच, हेही मीच सांगितले होते. मी तिच्या शेजारी बसलो, हात भोकावर धरला आणि दोन-चार श्वास नुसते पाहिले. मग म्हणालो, “मी घाबरलो होतो.”

“त्या आजींना?” तिला हसू आले.

“आजींना नाही. फार जुन्या गोष्टीला.”

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्हांपैकी कोणी आपली ओळख सांगत नसेल, तर हे चिंतन तुमच्यावर बोट दाखवण्यासाठी नाही. भीतीला कारणे आहेत. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. नाव लपवण्याची वेळ आपल्यावर आली, हे त्यांनी जगापासून लपवले नाही. म्हणून ज्याला परिस्थितीने गप्प बसवले आहे, त्याच्याकडे आपण करुणेनेच पाहायचे.

आणि ही आग सातासमुद्रापार येईल, हेही त्यांना माहीत होते. मे १९१६ मध्ये याच देशात, न्यूयॉर्कमध्ये, जातीवरचा निबंध वाचताना त्यांनी डॉ. केतकरांचे मत पुढे ठेवले होते : हिंदू लोक जगात जिथे जातील तिथे जातीचा प्रश्न जगाचा प्रश्न होईल. शंभर वर्षांनी काय झाले ते आपण पाहतोच. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातीवर आधारित भेदभावाला बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या राज्यपालांनी ते नाकारले. ही लढाई चालू आहे आणि चालू राहिली पाहिजे. द्वेष विझवा, याचा अर्थ अन्याय सोसा असा नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुस्मृती जाळली. ग्रंथ जाळला, माणसाचे घर जाळले नाही. विषमतेच्या विचाराला आग लावणारे हात माणसाविषयी द्वेषाने पेटलेले नव्हते. हा फरक आपण जपायचा आहे.

मग आतली आग विझवायची कशी? निब्बाण म्हणजे जीवनच विझवून टाकणे नव्हे. विकारांवर इतका ताबा मिळवणे की माणूस धम्माच्या मार्गाने चालू शकेल, असा अर्थ बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिला. हा ताबा मिळवायचा तो नेमक्या त्या दोन सेकंदांत. शब्द कानावर पडणे आणि उत्तर जिभेवर येणे, यांच्या मधल्या जागेत. तिथे एक श्वास पाहता आला तर आग जिभेपर्यंत पोचत नाही. आणि बोलायचे कसे, याचीही तथागतांनी कसोटी दिली आहे : योग्य वेळी, खरे, सौम्य, हिताचे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. पाचही हवेत. मैत्रीशिवायचे खरे बोलणे टोचते. आणि मैत्री दाखवत खरे गाळणे, ते मी सकाळी केले.

परतताना फ्लॅगस्टाफला चहासाठी थांबलो. सगळे एका टेबलाशी बसल्यावर मी म्हणालो, “काकू, सकाळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या आजोबांनी घेतल्या. त्यामुळे कुलदैवत नाही. पंचशील आहे, ते आम्ही पाळायचा प्रयत्न करतो.”

काकू काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग “असं होय,” म्हणाल्या आणि चहा ढवळू लागल्या. काकांनी हवामानाचा विषय काढला. घाट उतरताना गाडीत फारसे कोणी बोलले नाही. फिनिक्सला उतरताना काकूंनी माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचा अर्थ मला लागला नाही. सुट्टीनंतर ऑफिसात सहकारी नेहमीसारखाच बोलला. एखादे वाक्य कमी बोलला असे मला वाटले. ते वाक्य खरेच कमी होते, की माझा कान अजून जळत होता, कोण जाणे. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. त्या रात्री वंदनेला बसल्यावर मुलीने चौथे शील माझ्याकडे बघून म्हटले, आणि मला मान खाली घालावी लागली नाही.

तिचा प्रकल्प संपला होता तरी मी तिला दोन गोष्टी दाखवल्या. त्या तुम्हीही मुलांना दाखवा. पहिली पोम्पेईची. त्या राखेतून १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ती भारतातून गेलेली आहे आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशीच एक मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली. लोक तिला ‘पोम्पेई लक्ष्मी’ म्हणतात, अनेक अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तिलाही नाव दुसऱ्यांनीच दिले.

दुसरी गोष्ट कार्ल्याच्या लेण्याची. आपला सह्याद्री हा लाव्ह्याचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहिलेला लाव्हा थरावर थर गार होत गेला, त्याचा काळा कातळ झाला. त्याच कातळात आपल्या पूर्वजांनी चैत्य आणि विहार खोदले. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर आणि दाराशी दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचा सुतार, सुगंधी द्रव्ये विकणारा, आणि दूरदेशाहून येऊन तिथे राहिलेले यवनही. नाव, गाव, धंदा, सगळे उघड. सुतार आपण सुतार आहोत हे सांगताना लाजला नाही. परदेशी माणसानेही आपण यवन आहोत हे लपवले नाही. धम्माच्या दारात कोणालाही नाव लपवावे लागले नाही. एके काळी जी आग होती, तिचा गार दगड झाला आणि माणसांनी त्यावर आपली नावे लिहिली.

आज आपणच दूरदेशी आहोत. म्हणून या वर्षावासासाठी तीन साधे संकल्प सुचवतो.

एक. रोज दहा मिनिटे आनापानसती करा. आणि दिवसातून एकदा आठवा : आज कोणत्या शब्दाने माझा कान जळला? शब्द कोणाचा होता ते सोडा. जळणे कुठे झाले ते पाहा.

दोन. या तीन महिन्यांत एकदा तरी, जिथे सुरक्षित वाटेल तिथे, आपली ओळख पूर्ण वाक्यात सांगा. आवाज चढवू नका, मान खाली घालू नका, समोरच्याची परीक्षाही घेऊ नका. आणि ज्याला आज ते शक्य नाही त्याने निदान घरात, मुलांसमोर, ते वाक्य स्पष्ट उच्चारावे.

तीन. आपल्या घराण्यात धम्मदीक्षा कोणी घेतली, कुठे घेतली, त्यांचे नाव, गाव आणि काम काय होते, हे मुलांकडून एका वहीत लिहून घ्या. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांना फोन करून विचारा. ही वही म्हणजे आपल्या घरातला कार्ल्याचा खांब समजा. हजार वर्षांनी कोणी आपल्याला बिनपाण्याचे म्हणू नये.

राख हाताला गार लागते, म्हणून आग विझली असे समजू नका. आणि आग आहे म्हणून घाबरूनही जाऊ नका. ती दिसली की विझवता येते, हेच तथागतांनी गयासीसला त्या हजार जणांना सांगितले. ते हजार जण त्याच आगीपुढे जन्मभर हात जोडून बसले होते. ते उठू शकले, तर आपणही उठू शकू.

सर्वांना वर्षावासाच्या मंगल मैत्रीपूर्ण शुभेच्छा. सर्वांचे मंगल होवो.

साधु! साधु! साधु!

नमो बुद्धाय! जय भीम!